भंडाऱ्याच्या रंगाची खुर्ची

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढ्या खुर्च्या विकायला ठेवलेल्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांवर आमचे मामंजी बसून उठलेले आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्यांनी दारातूनच बघून नापास केलेल्या आहेत. मामंजी म्हणजे माझे सासरे. हे मी अभिमानाने सांगते, कारण त्या सगळ्या खुर्च्या ते माझ्यासाठी बसून बघत होते. फक्त गंमत अशी, की या सगळ्या खटाटोपात, आणि त्याआधी माझ्या लग्नाला झालेल्या सगळ्या वर्षांत, ते माझ्याशी एक अख्खं वाक्य बोललेले नव्हते.

याला कारण भांडण नव्हे, रीत. मामंजी जतच्या बाजूच्या कोरड्या मुलखातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता थोडी शेती आली, डाळिंबाची झाडं आली, आणि मेंढरं हौसेपुरती उरली. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, हे त्यांनी लहानपणी घरात पाहिलं आणि पुढे कुणी ते मोडायला सांगितलं नाही म्हणून मोडलं नाही. मला काही सांगायचं असलं की ते तिसऱ्याला सांगत. तिसऱ्या म्हणजे बहुतेक वेळा सासूबाई, ज्यांना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या घरात नसल्या तर पंखा. पंखा बंद असला तर भिंतीवरचं कॅलेंडर. “कालवणात मीठ पडायचं ऱ्हायलंय वाटतं,” असं ते कॅलेंडरला अगदी अदबीने सांगायचे, आणि मी कॅलेंडरच्या वतीने मीठ आणून ठेवायचे. माझ्या नोकरीची बातमीही त्यांनी पंख्याकडूनच ऐकली, आणि कॉलेजात शिकवणारी सून घरात आल्याचं कौतुकही पंख्यालाच ऐकवलं.

दुसरा त्यांचा विशेष म्हणजे पारख. मेंढी विकत घेताना आधी पाठ दाबून बघायची, मग पाय बघायचे आणि शेवटी तोंड उघडून दात बघायचे, हा त्यांच्या घराण्याचा नियम. मामंजींनी तो जगातल्या यच्चयावत वस्तूंना लावला. छत्री घ्यायला गेले तर दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागायचे. वहाणा घ्यायच्या तर त्या घालून अख्ख्या बाजाराला फेरी मारून यायचे, आणि तोवर आत्यांना दुकानात ठेवून जायचे, म्हणजे दुकानदाराला घोर नको. आम्ही फ्रिज घेतला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वाकून पाय बघितले आणि दार उघडून आत इतका वेळ टक लावून पाहिलं, की विकणारा माणूस बिचारा स्वतःचेच दात जिभेने चाचपायला लागला. मला बघायला सगळे साताऱ्याला आले होते तेव्हाही इतरांनी शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका असं विचारलं, मामंजींनी फक्त माझ्या आईला विचारलं, “पोरीला झोप लागती का चांगली?” आई म्हणाली, लागते की. “मग झालं,” म्हणून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

बाळंतपणाला मी खरं तर साताऱ्याला जायची, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तेव्हा ठरलं की बाळंतपण सांगलीतच, आमच्या फ्लॅटमध्ये. मेंढरं धाकट्या दिरांच्या हवाली करून मामंजी आणि आत्या राहायला आले. आठवा महिना लागला होता. एका संध्याकाळी मी नवऱ्याला मोबाइलवर एक खुर्ची दाखवत होते. पिस्ता रंगाची, गोल पाठीची, मंद झुलणारी, पाय ठेवायला पुढे तसलंच छोटं मोढ्यासारखं काहीतरी. फोटोतली बाई नुकतीच बाळंत झाली आहे असं सांगूनही पटलं नसतं, इतकी ती ताजीतवानी होती. मला ती खुर्ची हवी होती, आणि खुर्चीबरोबर ते ताजेपणही मिळालं तर हवं होतं.

“कशापायी ती खुर्ची?” मामंजींनी आत्यांना विचारलं.

“कशापायी रं?” आत्यांनी मुलाला विचारलं.

“बाळाला पाजायला,” माझा नवरा मान वर न करता म्हणाला.

मामंजी तडक उठले आणि गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले. जेवायला बोलावेपर्यंत आत आले नाहीत. पुढे तो शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला नाही. खुर्चीचं नाव ‘ती कामाची खुर्ची’ असं पडलं. मला वाटलं विषय संपला. पण सकाळी चहाच्या वेळी त्यांनी पंख्याला सांगितलं, “फोटू बघून वस्तू घ्यायची नसती. हात लावल्याबिगर, बसल्याबिगर न्हाई. मी बघतो.” आत्या म्हणाल्या, “माझी समदी पोरं भुईला बसून वाढली. दगडाला टेकून.” त्यावर मामंजी म्हणाले, “तवा दगूड व्हता म्हणून दगडाला टेकलीस. आता खुर्ची हाय तर तिनं का दगडाला टेकायचं?” यावर आत्यांनी चहात साखर जास्त घातली.

रविवारी बापलेक खुर्ची बघायला निघाले. निघताना मामंजींनी आत्यांचं एक जुनं मऊ लुगडं मागून घेतलं आणि त्यात जोंधळे घालून तान्ह्या पोराएवढं गाठोडं बांधलं. हातावर तोलून बघितलं, थोडे काढले, पुन्हा बांधलं. “रिकाम्या मांडीनं खुर्ची कळत न्हाई,” एवढंच म्हणाले. दुपारी नवरा घरी आला तो घामाघूम, आणि आल्या आल्या म्हणाला, “मी परत जाणार नाही.” झालं होतं असं, की मोठ्या मिशांचा, डोक्याला पटका बांधलेला हा आडदांड म्हातारा एका चकचकीत दुकानात खुर्चीवर बसला, गाठोडं डाव्या कुशीत घेतलं, डोळे मिटले आणि थोपटायला लागला. सोफा बघायला आलेल्या एका बाईंना भरून आलं. “आजोबा, बाळ दाखवा की,” म्हणत त्या जवळ आल्या. मामंजी डोळे न उघडता म्हणाले, “हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय.” बाईंनी हलकेच लुगड्याचं टोक बाजूला केलं आणि किंचाळल्या, “अगं बाई! जोंधळा!” मामंजी शांतपणे म्हणाले, “साधा न्हाई, मालदांडी हाय.” ते चेष्टा करत होते की खरंच बोलत होते हे माझ्या नवऱ्याला कळलं नाही. त्यांच्या मिशांमागे काय चाललंय हे आजवर कुणालाच कळलेलं नाही.

मग ते एकटेच हिंडू लागले. सकाळी भाकरी खाऊन, गाठोडं काखेला मारून एसटीत बसायचे. पूर्वी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते कृष्णाकाठी उतरत आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत, त्यामुळे इस्लामपूरपासून उंब्रजपर्यंत गावोगाव त्यांच्या ओळखी. दुकानं झाली की ते ओळखीच्या घरी जाऊन, “तुमच्या सुनबाईची खुर्ची जरा बसून बघू का?” असं विचारत. उंब्रजच्या एका घरी तर त्यांना जेवायला वाढलं, खुर्ची दाखवली आणि निघताना गाठोड्यातलं बाळ सुखरूप राहो म्हणून नारळही दिला. संध्याकाळी परतून ते पंख्याला निकाल ऐकवायचे. एक खुर्ची म्हणे पुढाऱ्यासारखी होती: “बसताना लय गोड, पन उठू देत न्हाई.” एका कोरीव लाकडी खुर्चीबद्दल, “देवळात ठिवा म्हणावं, पाया पडू.” आणि माझ्या त्या झुलत्या खुर्चीचा निकाल सगळ्यांत सविस्तर: “आई दमल्याली, पोर रडतंय, आन् खुर्चीबी हलतीया. घरात एकानं तरी गप बसावं का न्हाई?”

याच दिवसांत आईचा साताऱ्याहून फोन आला. आवाज दबका. “अगं, तुझे सासरे आले होते. चहा घेतला, पावसाचं बोलले, गुडघ्याची चौकशी केली. मी कपबशी ठेवायला आत गेले आणि येऊन बघते तर माझ्या खुर्चीला दोरी लावून मापं घेतायत. मला बघून दोरी खिशात घातली आणि ‘येतो इहीनबाई’ म्हणून निघून गेले. घरी सगळं ठीक आहे ना?” मला आधी काहीच उलगडेना. मग लक्षात आलं. खुर्ची किती उंच हवी हे ठरवायला बसणारीच्या पायांचं माप हवं. ते सुनेला विचारणं शक्यच नव्हतं. तेव्हा लेक आईच्या अंगलटीवर गेलेली आहे, आणि आई जिच्यावर सुखाने बसते ती खुर्ची तिच्या मापाची असणार, असा हिशेब मांडून हा माणूस दोन एसट्या बदलून साताऱ्याला गेला होता. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मी दिवस भरत आल्याच्या खात्यावर मांडून टाकलं.

शेवटी मीच हट्ट धरला की मलाही यायचंय. मिरज रस्त्याच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो: मी, आत्या आणि गाठोड्यासह मामंजी. दुकानाचे मालक जैन, वयस्कर, कमालीचे सोशिक. मामंजींची कीर्ती त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली असावी, कारण गाठोडं बघून ते अजिबात दचकले नाहीत. उलट “या, या. बाळाला इकडं वाऱ्याला घ्या,” म्हणाले. मामंजी एकामागून एक खुर्च्या पारखत गेले. पाठ दाबली, पाय बघितले, आणि तोंड कुठलं ते न कळल्याने उशा उचलून खाली बघितलं. मी कोपऱ्यातल्या एका खुर्चीपाशी थबकले. न हलणारी, उंच पाठीची, हातांना गुबगुबीत गादी, आणि रंग असा पिकलेला पिवळा की मी सहा महिने मोबाइलवर घरसजावटीच्या ज्या फोटोंवर जीव टाकत होते त्यांतल्या निम्म्या घरांच्या भिंती याच रंगाच्या होत्या. हल्ली त्याला मस्टर्ड म्हणतात. मामंजी तिच्यासमोर उभे राहिले आणि दुकानाच्या पंख्याला म्हणाले, “भंडाऱ्याचा रंग हाय.” त्यांनी खिशातून दोरी काढून बैठकीची उंची मोजली, मान डोलावली आणि बसले. गाठोडं कुशीत, डोळे मिटलेले, थोपटणं सुरू.

थोड्या वेळाने थोपटणं थांबलं. आणखी थोड्या वेळाने मिशा वरखाली व्हायला लागल्या. मामंजी झोपले होते. आत्या उठवायला निघाल्या तर मालकांनीच हात केला, “असू द्या, आजोबा दमल्यात,” म्हणून स्वतः जाऊन पंख्याचा वेग वाढवला. येणाऱ्या गिऱ्हाइकांशी ते कुजबुजत बोलत होते. आम्हाला त्यांनी ताक आणून दिलं. बऱ्याच वेळाने मामंजींना जाग आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. गाठोडं कोपराच्या खाचेत जसंच्या तसं होतं. “बघा,” ते अख्ख्या दुकानाला म्हणाले, “मी झोपलो, पन पोर पडलं न्हाई. हीच.” बाळाला घेऊन खुर्चीत कधीही डुलकी घ्यायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, आणि मी ते पुढे कसोशीने पाळलं, पण त्या क्षणी ते सांगायची माझी छाती झाली नाही. मला खुर्ची रंगासाठी हवी होती, त्यांना पारखीला उतरली म्हणून हवी होती, आणि दोघांचं एकमत व्हायला एकमेकांशी बोलायची गरजच पडली नाही.

टेम्पोत खुर्ची हलू नये म्हणून मामंजी स्वतः तिच्यात बसून आले. माझा नवरा कुपवाडच्या त्याच्या वर्कशॉपमधून मोटारसायकलवर येत होता. त्याला चौकात सिग्नलला शेजारी टेम्पो दिसला आणि टेम्पोत पिवळ्या सिंहासनावर गाठोडं घेतलेले वडील दिसले. त्याने हेल्मेटची काच खाली ओढली. तेवढ्यात वरून हाक आली, “काय रं, घरला निघालास व्हय?” चौकातल्या सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं, असं तो अजून सांगतो.

मुलगी झाली. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले, आणि मग जे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं ते सुरू झालं. बाळ पिईना. दवाखान्यात नर्सबाईंनी शिकवलं तेव्हा थोडं जमलं होतं, घरी आल्यावर तेही जमेना. ती रडायची, मी घामाने भिजायची. पिवळ्या खुर्चीत मी आणि खुर्चीभोवती सगळ्याजणी: आत्या, इस्लामपूरहून आलेल्या चुलतसासूबाई, शेजारच्या वहिनी आणि मोबाइलच्या पडद्यावर साताऱ्याहून आई. मान अशी धर, पाय तसा घे, शेपू खा, टेन्शन घेऊ नकोस. प्रत्येकीचं खरंच होतं आणि प्रत्येकीचं वेगळं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन परवा पुन्हा बघू. त्या ‘बघू’ने माझी उरलीसुरली झोप नेली.

मामंजी त्या खोलीत पाऊल टाकत नसत. पण रोज सकाळी दाराबाहेरून त्यांचा प्रश्न यायचा, “खुर्ची टोचत न्हाई न्हवं?” आत्या आतून सांगायच्या, न्हाई. दुसऱ्या दिवशी, “पाय टेकत्यात न्हवं भुईला?” टेकतात. तिसऱ्या दिवशी, “पाठीला उशी पायजे का?” सुरुवातीला मला राग आला. इथे माझा जीव चाललाय आणि यांना खुर्चीचं पडलंय! मग एका सकाळी त्यांचा आवाज ऐकताना कळलं, की ते खुर्चीचं विचारतच नाहीत. जे विचारायचंय त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता, म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली होती.

त्या दुपारी मी हरले. बाळ रडत होतं, आत्या आणि चुलतसासूबाईंचा मेथीवरून वाद चालला होता, आणि मीही मोठ्याने रडायला लागले. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

“पोरी.”

मी इकडेतिकडे बघितलं. पंख्याला कुणी पोरी म्हणत नाही.

“म्या भाईर हाय. आत येत न्हाई. आयकू येतंय न्हवं?”

“हो, मामा.” हाक मारताना आम्ही मामाच म्हणतो, पण ती हाक मारायची वेळ मला पहिल्यांदाच आली होती.

“पयल्या वेताची मेंढी असती न्हवं, तिला काय ठावं नसतं. कोकरू बी नवं, ती बी नवी. आन् भवतीनं मानसं हुबी ऱ्हायली का ती आनखीन बावचळती. तवा आमी काय करतो, लांब जातो. पाठ करून बसतो. मग त्यांचं ती बघत्यात.” जरा थांबून ते म्हणाले, “आता मेंढराचं मानसाला लागू पडतंय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. तू शिकल्याली हाईस. पन मी समद्यास्नी खाली घिऊन जातो. चालंल?”

मी मान हलवली. दाराआडून त्यांना ती दिसली नसणार, पण आत्यांनी “चालंल म्हंती” असं सांगितलं आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. मग मामंजींनी घर रिकामं केलं. आत्या म्हणत होत्या, “आवं, गॅसवर दूध हाय,” तर म्हणाले, “बंद कर आन् चल.” चुलतसासूबाईंना उठवलं. शेजारच्या वहिनी वाटी घेऊन येत होत्या, त्यांना जिन्यातच वळवलं. आईचा व्हिडिओ कॉल चालू असलेला मोबाइलही ते बरोबर घेऊन गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि घरात बाळ आल्यापासून पहिल्यांदा घर शांत झालं.

चमत्कार काही झाला नाही. ती पुन्हा रडली, मी पुन्हा रडले. मग रडायला कुणी बघणारं नाही म्हटल्यावर दोघींचंही रडणं हळूहळू कमी झालं. मी पाठ टेकली. नर्सबाईंनी दाखवलं होतं तसं तिला पुन्हा घेतलं. घाई कुणालाच नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही, पण एकदम तिचा घशातला तो बारीकसा आवाज मला ऐकू आला. एक घोट, मग थांबून आणखी एक. मी श्वासही बेताने घेत होते.

ती झोपल्यावर मी तिला घेऊन गॅलरीत आले. खाली पार्किंगमध्ये सगळी मंडळी बसली होती. कुपवाडहून नुकताच आलेला माझा नवरा हेल्मेट हातात घेऊन, घरदार खाली का आलंय, हे विचारत होता. मला बघून आत्यांनी दोन्ही हात जोडले. सगळ्यांनी माना वर केल्या. मामंजी तेवढे कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसले होते. आत्यांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटका सोडून पुन्हा बांधला, पण वळले नाहीत.

वजन वाढलं. बारसं झालं. मामंजी मेंढरांकडे परत गेले. जोंधळ्याचं गाठोडं सोडून त्याच्या भाकरी आम्ही आधीच खाऊन टाकल्या होत्या. खुर्चीत मी पुढे खूप बसले. पाजायला, नंतर नुसतंच मांडीवर घ्यायला, मग उत्तरपत्रिका तपासायला. यंदा इस्लामपूरच्या चुलतसासूबाईंच्या सुनेला दिवस गेले तेव्हा आम्ही ती तिच्याकडे पाठवून दिली. टेम्पोत चढवताना हातावरच्या गादीवर दुधाचा एक जुना डाग दिसला. मी तो पुसायला फडकं आणलं आणि न पुसताच ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी मामंजींचा फोन आला. सहसा ते स्वतः करत नाहीत. यंदा त्यांचे पाय फार दुखतात, सांगलीला येणं होत नाही.

“खुर्ची गेली म्हनं.”

“हो, मामा. पोचली.”

“बरं केलंस. मग आता नातीला मांडीवर घिऊन कुठं बसतीस?”

“ती मांडीवर बसते कुठे आता?” मी हसून म्हणाले. “दिवसभर नुसती धावत असते.”

त्यांच्या मागे माळावरचा वारा फोनमध्ये घोंघावत होता.

“लय लवकर धावत्यात,” ते म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. फोन बंद करायचा असतो हे त्यांच्या ध्यानात राहत नाही, त्यांनी तो तसाच खिशात ठेवला असावा. मीही बंद केला नाही. त्यांच्या वहाणा खडीवर वाजत गेल्या, एक मेंढी ओरडली, आणि ते तिला काहीतरी हळू आवाजात सांगत होते ते मला नीट ऐकू आलं नाही.